चष्मा लावून सुतारकाम: धुळीचा मास्क कसा निवडावा, कसा बसवावा

चष्मा लावणारे बरेच जण सुतारकामात मास्क टाळतात, आणि विचारलं तर कारण एकच सांगतात: काचांवर वाफ धरते. सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) चालू केला की दोन-चार श्वासांत काचा पांढऱ्या होतात, आखलेली रेघ दिसेनाशी होते आणि हात आपोआप मास्क नाकाखाली ओढतो. काचा साफ होतात, काम पुढे सरकतं आणि लाकडाची सगळ्यात बारीक पावडर सरळ नाकात जायला लागते.

ती वाफ त्रासदायक आहेच. पण मास्क तुमच्या चेहऱ्यावर बसला आहे की नाही, हे तिच्यातून जेवढं कळतं तेवढं पाकिटावरच्या आकड्यांतून कळत नाही. म्हणून या लेखात मास्कची निवड वाफेपासूनच सुरू केली आहे. घरच्या गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात हौसेनं काम करणारे आणि दिवसभर साइटवर प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा राळेत दाबून केलेला बोर्ड) कापणारे, दोघांनाही हे लागू पडतं.

आधी धुळीबद्दल

करवतीखाली साचणारा जाड भुसा आणि रंध्याचे छिलके यांची फार काळजी नको. ते जमिनीवर पडतात, झाडता येतात. काळजी हवी ती सँडरच्या, राउटरच्या (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या) आणि एमडीएफ कापण्याच्या पावडरीची. सुमारे १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण घशाच्या पुढे जातात, ४-५ मायक्रॉनच्या खालचे फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचू शकतात. हे कण एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. खिडकीतून तिरपं ऊन आलं की हवेत जे तरंगताना दिसतं, तो त्यांचा थोडासाच भाग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या पोकळीला आणि सायनसला. युरोपीय संघानं कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामाच्या जागेवरची मर्यादा जानेवारी २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅमवर आणली. एक घनमीटर म्हणजे मीटरभर लांब, रुंद आणि उंच एवढी हवा, आणि तिच्यात एवढीशीच धूळ. बंद खोलीत सँडर चालवला तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

कर्करोग वर्षानुवर्षांच्या संपर्कानं होतो, त्यामुळे तो अनेकांना दूरचा वाटतो. दम्याचं आणि ॲलर्जीचं तसं नाही. शिसवाच्या जातीची लाकडं आणि साग यांच्या धुळीनं काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येतो. परदेशातून येणाऱ्या वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीनं दमा होतो, हे तर वैद्यकात चांगलंच माहीत आहे. एमडीएफची पावडर अतिशय बारीक असते, आणि तिच्यात लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडवर आधारलेली डिंकाची राळही असते. घरी फर्निचर करणाऱ्यांचं आजचं बरंचसं काम एमडीएफ आणि प्लायमध्येच चालतं, म्हणून हे खास लक्षात ठेवा.

वाफ काय सांगते

आपण सोडतो ती हवा साधारण ३३-३४ अंशांची आणि जवळजवळ पूर्ण दमट असते. काच त्याहून थंड असेल तर तिच्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. मास्कमधली हवा काचेपर्यंत पोहोचते तरी कुठून? बहुतेक वेळा नाकाच्या दोन्ही बाजूंनी, जिथे नाक गालाला मिळतं त्या खळगीतून. मास्कची कड तिथे टेकलेली नसते. श्वास सोडताना त्या फटीतून वाफ बाहेर येते, आणि श्वास घेताना त्याच फटीतून न गाळलेली धूळ आत जाते. गाळणीतून जायला हवेला जोर लागतो, फटीतून लागत नाही.

एक हिशेब करून पाहा. तुम्ही घेतलेल्या हवेपैकी १० टक्के हवा फटीतून येते असं समजा. मास्क एन-९५ असेल, म्हणजे गाळणी ५ टक्के कण सोडते, तर एकूण सुमारे साडेचौदा टक्के धूळ आत जाते. आता तीच फट ठेवून तुम्ही महागडा पी-१०० घेतलात, जो ९९.९७ टक्के कण अडवतो, तरी १० टक्के धूळ आत येतच राहते. उलट साधा एन-९५च नीट बसवून फट निम्म्यावर आणली, तर आकडा पावणेदहा टक्क्यांवर येतो. शिवाय ९५ टक्के हा आकडा सुमारे ०.३ मायक्रॉनच्या, म्हणजे अडवायला सगळ्यात अवघड कणांचा आहे. सँडिंगच्या धुळीचे बरेचसे कण त्याहून मोठे असतात, ते गाळणी सहज अडवते. म्हणून पैसे आणि वेळ आधी फट बंद करण्यावर खर्च करा, जास्त आकड्याच्या गाळणीचं नंतर बघता येईल.

मात्र वाफ नाही म्हणजे फट नाही, असं समजू नका. विदर्भात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असतो तेव्हा काचाच श्वासापेक्षा गरम असतात. मास्क कितीही सैल असला तरी वाफ धरणार नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी छोट्या फटीनंही काचा पांढऱ्या होतात. कोकणात पावसाळ्यात वाफ धरते आणि हवा आधीच ओली असल्यानं लवकर वाळत नाही. उच्छ्वासाची झडप असलेल्या मास्कमध्येही वाफ कमी दिसते, कारण हवा झडपेतून सुटते. श्वास घेतानाची फट तशीच राहू शकते. थोडक्यात, वाफ दिसली तर गळतीचा संशय घ्या, आणि दिसली नाही तर पुढे दिलेल्या तपासण्या करा.

वाफ काचेच्या कोणत्या बाजूला धरते तेही बघा. आतल्या बाजूला, नाकाजवळच्या खालच्या कोपऱ्यात धरत असेल तर नाकाशी गळती आहे. बाहेरच्या बाजूला धरत असेल तर बहुधा झडपेतून सुटलेली हवा वर येते आहे. ती गळती नव्हे, फक्त त्रास. त्यावर वेगळ्या बनावटीचा मास्क हाच उपाय.

पहिली पायरी: स्वतःचा चष्मा बघा

मास्क विकत घेण्याआधी आरशासमोर उभं राहा. नाकाच्या दांड्यावर चष्मा नेमका कुठे टेकतो? मास्कलाही तीच जागा हवी असते, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

धातूच्या फ्रेमला नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या, वाकवता येणाऱ्या गाद्या असतात. चष्म्याच्या दुकानात सांगून त्या थोड्या वर-बाहेर वळवून घेता येतात. चष्मा दोन-तीन मिलिमीटर वर बसतो आणि खाली मास्कच्या कडेला जागा मिळते. हे काम दोन मिनिटांचं असतं. जाड प्लास्टिकच्या फ्रेममध्ये नाकाचा भाग साच्यातलाच असतो, तो हलवता येत नाही. अशी फ्रेम मास्कच्या वरच्या कडेवर बसते आणि तिला खाली दाबते, किंवा स्वतः पुढे घसरते. मोठ्या, गालापर्यंत येणाऱ्या काचाही अडचणीच्या. त्यांची खालची कड मास्कवर आपटते.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. चष्मा तीन मिलिमीटर वर गेला की वाचायचा भागही वर येतो. कामाकडे बघताना नजर चुकीच्या पट्ट्यातून जाते आणि रेघ दुभंगल्यासारखी दिसते. मग माणूस मान वाकडी करतो आणि मास्क हलतो. माझं ठाम मत असं, की नियमित सुतारकाम करणाऱ्यानं कामासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा: एकाच नंबरचा, कामाच्या टेबलापर्यंतचं अंतर मोजून त्या अंतरासाठी ठरवलेला, लहान धातूच्या फ्रेमचा आणि पॉलिकार्बोनेटच्या काचांचा. साध्या चष्म्याच्या काचा उडणाऱ्या ढलपीपासून डोळा वाचवतील याची खात्री नसते. नंबरचा सेफ्टी चष्मा, बाजूच्या पडद्यांसह, करून मिळतो. चष्म्यावर घालायचे मोठे गॉगल मास्कच्या नाकावरच्या भागाला अडतात, म्हणून मास्कबरोबर ते फार कमी जणांना जमतात.

दुसरी पायरी: छाप वाचा

दुकानात किंवा ऑनलाइन 'डस्ट मास्क' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं धूळ अडवण्यासाठी तपासलेलंच नसतं. उपरणं, रुमाल, कापडी मास्क, निळा सर्जिकल मास्क हे सगळं यादीतून काढा. त्यांच्या कडा चेहऱ्याला चिकटत नाहीत, आणि चष्मेवाल्याला ते वाफही भरपूर देतात.

मास्कवरच छापलेलं काय शोधायचं? भारतीय मानक आयएस ९४७३ असेल तर आयएसआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून तपासता येतो. अमेरिकी एन-९५ वर नायॉश (मास्कना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) हे नाव आणि टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असतो. युरोपीय मास्कवर ईएन १४९ असतं आणि एफएफपी-१, २ किंवा ३ हा वर्ग. गाळणीपुरतं बोलायचं तर एफएफपी-१ किमान ८० टक्के, एफएफपी-२ किमान ९४ टक्के आणि एफएफपी-३ किमान ९९ टक्के कण अडवतो. भारतीय मानकातही हेच तीन वर्ग आहेत. एफएफपी-१ सँडिंगसाठी पुरेसा नाही. ब्रिटनची आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणा लाकडाच्या धुळीसाठी एफएफपी-३ सुचवते. इथे एफएफपी-३ सहज मिळाला नाही तर चांगला बसणारा एफएफपी-२ किंवा एन-९५ घ्या.

वर्गापुढे इंग्रजी 'डी' हे अक्षर असेल तर धुळीनं लवकर न तुंबण्याची चाचणी त्या मास्कनं पार केली आहे. सुतारकामाला हे उपयोगी. 'एनआर' म्हणजे तो एका पाळीपुरता आहे. घरात कोविडच्या काळातला साठा उरला असेल तर त्यावरची मुदत बघा आणि पट्टे ओढून पाहा. रबर सैल झालं की गाळणी शाबूत असूनही मास्क निकामी.

तिसरी पायरी: आकार आणि बनावट

कानात अडकवायच्या दोऱ्यांचे मास्क, मग त्यांवर काहीही छापलेलं असो, चष्मेवाल्यांनी घेऊ नयेत. कानामागे आधीच चष्म्याची काडी असते. दोरी तिला ढकलते आणि चष्मा घसरतो. महत्त्वाचं म्हणजे कानाच्या दोरीला मास्क चेहऱ्यावर पुरेसा दाबण्याएवढा ताण देता येत नाही. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेलाच मास्क घ्या.

डोक्याच्या पट्ट्यांच्या एकदा वापरायच्या मास्कमध्ये दोन घाट असतात. वाटीसारखा टणक मास्क आकार धरून ठेवतो, पण नाकाचा दांडा बसका किंवा अरुंद असेल तर वरची कड तिथे उभी राहते. तीन घड्यांचा, उघडून बसवायचा मास्क चष्म्याखाली बहुतेकांना जास्त जमतो. थ्रीएम कंपनीच्या ऑरा मालिकेत वरची घडी वेगळी असते आणि चष्म्यावरची वाफ कमी व्हावी म्हणून तिच्यावर उठावाची नक्षी दिलेली असते. बोलताना जबडा हलला तरी वरची कड फारशी हलत नाही. नाकाशी आतून फोमची पट्टी असेल तर तीही फायद्याची.

झडप घ्यावी का? सुतारकामाला, हो. आतली उष्णता आणि ओल कमी होते, मास्क जास्त वेळ सहन होतो आणि उकाड्यात तर फरक लगेच कळतो. फक्त आधी सांगितलेलं विसरू नका: वाफ थांबली म्हणून तपासणी सोडू नका.

महिन्यातून तीन-चार दिवसांहून जास्त सँडिंग होत असेल तर रबर किंवा सिलिकोनचा, गाळण्या बदलता येणारा अर्धा मास्क (फक्त नाक-तोंड झाकणारा) घ्यावा असं मी सांगेन. चेहऱ्यावर तो जास्त खात्रीनं बसतो, लहान-मध्यम-मोठा अशा मापांत मिळतो आणि वर्षभराचा हिशेब केला तर स्वस्त पडतो. चष्मेवाल्यांनी निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. नाकावरचा भाग किती वर चढतो ही पहिली. जीव्हीएस कंपनीचा एलिप्स मुद्दाम बुटका बनवलेला आहे, म्हणून चष्म्याखाली तो छान बसतो. झडपेची हवा कुठे जाते ही दुसरी. थ्रीएमच्या ६००० मालिकेत झडप समोर आहे. ७५०० मालिकेत हवा खाली वळवणारं झाकण आहे, आणि चष्मेवाल्याला तेच बरं. तिसरी, गाळण्या किती पुढे आणि वर येतात. पातळ चकतीसारख्या पी-१०० गाळण्या खालची नजर कमी अडवतात. जाड डबे राउटरवर वाकल्यावर आड येतात.

माप निवडताना 'मध्यम सगळ्यांना होतो' असं दुकानदार सांगेल. तसं होत नाही. अरुंद चेहऱ्याच्या माणसाला, बऱ्याच स्त्रियांना आणि शिकाऊ मुलांना लहान माप लागतं. चमकी सहसा मास्कच्या आत राहते, कडेला लागत नाही. तरी बोट फिरवून खात्री करा. लोंबती कानातली मात्र काढूनच ठेवा, पट्ट्यात अडकतात आणि फिरत्या यंत्राजवळ धोक्याची असतात.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क चष्म्यासह घालता येत नाही, कारण काड्या कडेतून जातात आणि तिथेच गळती होते. त्यासाठी आत बसवायची नंबरची वेगळी फ्रेम लागते. घरच्या सुतारकामाला एवढी गरज नसते.

दाढीचं काय

मास्कच्या कडेखाली दाढीचे खुंट असतील तर वर सांगितलेलं सगळं वाया जातं. एका दिवसाची वाढही गळती वाढवते. मिशी चालते, झुपकेदारही चालते, जोवर ती मास्कच्या आत राहते आणि झडपेत अडकत नाही. दाढी ठेवायचीच असेल, किंवा अर्ध्या मास्कनंतरही चष्म्याचा त्रास सुटत नसेल, तर बॅटरीवर चालणारा, पंख्यानं गाळलेली हवा चेहऱ्यावर सोडणारा सैल टोपाचा श्वसनसंच हा खरा उपाय. त्यात चेहऱ्याला घट्ट बसणारी कड नसते, चष्मा आत आरामात राहतो आणि वाहत्या हवेमुळे वाफही धरत नाही. लेथवर लाकूड कातणाऱ्यांना तर तो फार मोलाचा, कारण पारदर्शक पडदा ढलप्यांपासूनही वाचवतो. लेथवर पॉलिश पेपर धरला की धूळ सरळ तोंडावर येते. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखं लेथवरचं काम करणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. संच महाग आहे, हे खरं. रोजच्या कामाला मी तो खर्च योग्य मानतो.

चौथी पायरी: बसवण्याचा क्रम

मास्क आधी, चष्मा नंतर. हा क्रम उलटा झाला की सगळं पुन्हा करावं लागतं.

१. चष्मा काढून ठेवा. चेहरा आणि नाक कोरडं पुसा. घामट किंवा तेलकट नाकावर कड घसरते.

२. मास्क हनुवटीखालून सुरू करून नाकावर आणा. आधी वरचा पट्टा डोक्याच्या माथ्याच्या मागच्या भागावर, मग खालचा मानेवर, कानांच्या खाली. पट्टे एकमेकांवर फुली करू नका. त्यानं बाजूची कड उचलली जाते. अंबाडा किंवा उंच वेणी असेल तर वरचा पट्टा तिच्यावर राहू द्या, म्हणजे तो घसरणार नाही.

३. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेर दाबत न्या. एका हाताच्या चिमटीत धरून दाबली तर मधोमध टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना खळग्या उरतात. वाफेचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

४. बसल्याची तपासणी करा. झडप नसलेला मास्क दोन्ही तळव्यांनी झाकून जोरात श्वास सोडा; नाकाच्या बाजूंना किंवा डोळ्यांकडे वाऱ्याची झुळूक लागली तर पट्टी पुन्हा दाबा. झडपेच्या मास्कमध्ये झाकून जोरात श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे आत खेचला गेला पाहिजे. अर्ध्या मास्कच्या गाळण्या तळव्यांनी बंद करा, हलका श्वास आत घ्या आणि दहा सेकंद रोखा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहायला हवा. मग झडप बंद करून हलकेच श्वास सोडा, तो थोडा फुगला पाहिजे आणि हवा कुठूनही सुटता कामा नये.

५. आता चष्मा घाला. काड्या पट्ट्यांच्या वरून, कानावर. काचांची खालची कड मास्कच्या वर टेकू द्या, मास्क खाली ढकलू नका. चष्मा घातल्यावर वरची क्रमांक ४ ची तपासणी पुन्हा एकदा करा. बरेच जण हे टाळतात, पण चष्म्यानं कड हलवली असेल तर ती याच क्षणी कळते.

६. कामाच्या हालचाली करून पाहा: मान खाली, वर, दोन्ही बाजूंना, मोठ्यानं बोला. टेबलावर वाकून रेघ वाचा. या हालचालींत गळती सुरू झाली तर माप किंवा मॉडेल बदला. पट्टे जास्त आवळून प्रश्न सुटत नाही. नाकावर वळ उठतात आणि कड उलट वाकडी होते.

मास्कच्या कडेखाली टिश्यू पेपर, कापूस किंवा चिकटपट्टी घालून वाफ थांबवायचा प्रयत्न करू नका. सर्जिकल मास्कला तो उपाय चालतो. धुळीच्या मास्कमध्ये टिश्यू स्वतःच हवा सोडतो आणि कड चेहऱ्यापासून उचलून धरतो.

कारखान्यांत फिट टेस्ट करतात: डोक्यावर टोप चढवून आत गोड किंवा कडू द्रावणाचा फवारा सोडतात, चव लागली तर मास्क गळतो. ओळखीचं कोणी मोठ्या कारखान्यात सुरक्षा विभागात असेल तर आपला मास्क घेऊन ही चाचणी करून मिळते का, विचारा. घरच्या घरी दुसरी खूण बघता येते. शिसवासारख्या गडद लाकडाचं सँडिंग झालं की मास्क काढून उजेडात, आरशासमोर बघा. नाकाच्या बाजूला चेहऱ्यावर किंवा मास्कच्या आतल्या कडेवर धुळीची रेघ आत जाताना दिसली, तर फट तिथेच आहे. रेघ दिसली नाही म्हणून गळती शून्य आहे असं मात्र होत नाही; सगळ्यात बारीक धूळ दिसतच नाही.

उरलेल्या वाफेसाठी

मास्क नीट बसल्यावरही थोडी वाफ उरतेच, विशेषतः पावसाळ्यात. काचा धुताना भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटानं पसरवा, हलक्या पाण्यानं धुवा आणि मऊ कापडानं टिपा. साबणाचा अदृश्य थर थेंब जमू देत नाही. वाफरोधक फवारे जास्त टिकतात, पण काचांवर परावर्तनरोधक लेप असेल तर फवारा त्याला चालतो का, ते दुकानात विचारून घ्या. टेबल फॅन बाजूनं, चेहऱ्याकडे नव्हे तर खिडकीकडे हवा जाईल असा ठेवा. काचा कोरड्या राहतात आणि धूळही तुमच्यापासून दूर जाते. एसीच्या खोलीतून लगेच उकाड्यात आलात तर मास्क नसतानाही काचा धुरकट होतात, म्हणून चष्मा पाच मिनिटं आधीच बाहेर आणून ठेवा.

घामानं चष्मा घसरत असेल तर डोक्यामागून घट्ट बसणारा पट्टा लावा. लोंबती दोरी लेथ, ड्रिल किंवा राउटरजवळ नको. कानांसाठी मफ्सऐवजी फोमचे प्लग बरे; काड्यांमुळे मफ्सची गादी कानाभोवती टेकत नाही आणि आवाज आत येतो.

कामाच्या वेळी

हातरंधा आणि पटाशीच्या कामाला मास्क नसला तरी मी हरकत घेणार नाही. करवतीला, राउटरला, सँडिंगला आणि एमडीएफच्या कोणत्याही कामाला मास्क हवाच. सँडरला व्हॅक्यूम जोडता येत असेल तर आधी तो जोडा, मास्क त्याच्या जोडीला. धूळ उगमाशीच ओढली गेली तर मास्कवर भार कमी येतो आणि काचाही कमी माखतात. जमेल तेव्हा सँडिंग उघड्यावर करा.

यंत्र बंद केलं की लगेच मास्क काढणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे. बारीक धूळ त्यानंतरही बराच वेळ हवेत असते, आणि झाडूनं झाडलं की पुन्हा उडते. साफसफाई ओल्या फडक्यानं किंवा व्हॅक्यूमनं करा, ब्लोअरनं नको, आणि ती संपेपर्यंत मास्क ठेवा.

धुळीचा मास्क रसायनांच्या वाफा अडवत नाही. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, लॅकर, थिनर, सनमायका चिकटवायचं रबर अॅडहेसिव्ह यांच्यासाठी सेंद्रिय वाफांच्या कार्बनच्या डब्या, वर धुळीची गाळणी लावून, अर्ध्या मास्कवर बसवा. वास येऊ लागला तर डबी संपलीच, पण वासाची वाट बघू नका; पीयूमधल्या काही घातक वाफांचा वास वेळेवर येत नाही, म्हणून डबी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे आधीच बदला.

दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर घट्ट मास्क वापरण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण गाळणीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो.

काढणं आणि जपणं

आधी धुळीच्या जागेतून बाहेर या. चष्मा काढा, मग खालचा पट्टा, मग वरचा. मास्कच्या पुढच्या भागाला हात लावू नका. काचांवरची धूळ कोरड्या कापडानं किंवा शर्टच्या टोकानं पुसलीत तर त्यावर कायमचे ओरखडे उठतील, म्हणून नळाखाली धुवून मगच टिपा.

एन-९५ किंवा एफएफपी धुवू नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. गाळणीच्या तंतूंवर कण ओढून घेणारा विद्युतभार असतो, तो अल्कोहोलनं जातो. श्वास जड झाला, आतून ओला झाला, पट्टा सैल झाला किंवा नाकाची पट्टी मोडली की फेकून द्या. अर्ध्या मास्कच्या गाळण्या काढून मास्क सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, झडपेचं पातळ पापुद्र्यासारखं रबर वाकलं किंवा फाटलं आहे का ते बघा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवलेल्या मास्कच्या आतल्या बाजूला धूळ बसते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच श्वासाला ती आत जाते.